जखमी सैनिक घरी परततो तेव्हा: सहा रविवार, सहा चित्रपट

यातल्या बहुतेक चित्रपटांत लढाई पहिल्या पाच-दहा मिनिटांतच उरकते, नाहीतर दिसतच नाही. पुढचे दोन तास दार, जिना, न्हाणीघर, जेवणाचं टेबल आणि आईचा चेहरा. ज्याला युद्धपटांची सवय आहे त्याला सुरुवातीला हे संथ वाटतं. म्हणून कुठून सुरुवात करायची, काय बघायचं आणि पंधरा-वीस जणांना जमवून दाखवायचं असेल तर तयारी कशी करायची, ते इथे क्रमाने दिलं आहे. उदाहरणं नागपूरची आहेत. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर, वायुसेनानगरला हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय. त्यामुळे इथल्या कुठल्याही वीस जणांत दोन-तीन घरं तरी फौजेशी जोडलेली निघतात. ही गोष्ट निवडीपासून खुर्च्या मांडण्यापर्यंत सगळीकडे लक्षात ठेवावी लागते.

पायरी १: यादीत काय घ्यायचं ते ठरवा

एक साधी कसोटी लावा. चित्रपटाचा निम्म्याहून जास्त वेळ घरात, इस्पितळात किंवा गावात जातो का? जात नसेल तर तो युद्धपट, कितीही चांगला असला तरी या मालिकेत नको. ‘द डिअर हंटर’ (१९७८) या कसोटीला उतरतो, तरी घेतला नाही. तीन तासांचा चित्रपट, त्यातलं परतणं अस्सल आहे. पण प्रेक्षक बाहेर पडताना फक्त एक गोळी घातलेलं पिस्तूल स्वतःच्या डोक्याला लावण्याच्या खेळाबद्दल बोलतात.

दुसरी कसोटी: जखम कथेत काम करते का, की फक्त सहानुभूतीसाठी लावली आहे? पाय गेलेला माणूस पायऱ्या कशा चढतो, शर्टाची बटणं कोण लावतं, रात्री पाय आखडला तर काय होतं, हे ज्या चित्रपटात दिसतं तो घ्या.

‘प्रहार’ (१९९१) यादीत नाही यावरून नागपुरात पहिल्याच दिवशी भांडण होणार, तयारी ठेवा. नाना पाटेकरांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात ओलिसांच्या सुटकेत पाय गमावलेला पीटर मुंबईला बापाच्या बेकरीत परततो. बापाची भूमिका हबीब तन्वीर यांची, आणि तो भाग फार जिव्हाळ्याचा आहे. पण पीटर लवकर मारला जातो आणि चित्रपट त्याच्या प्रशिक्षक मेजर चव्हाणचा होतो. ‘चंदू चॅम्पियन’ (२०२४) चंही तसंच. १९६५ च्या युद्धात मणक्यात गोळी बसलेले मुरलीकांत पेटकर १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकतात, ही खरी गोष्ट. चित्रपटाचा जीव मात्र खेळात आहे. दोन्ही चित्रपट मालिका संपल्यावर घरी बघायला सांगा. तोपर्यंत बघण्याची नजर बदललेली असते.

पायरी २: क्रम लावा

क्रमात चूक झाली की तिसऱ्या रविवारी निम्म्या खुर्च्या रिकाम्या. सगळ्यात गाजलेल्या पण पावणेतीन तासांच्या चित्रपटाने सुरुवात करणं ही नेहमीची चूक. आमचा क्रम असा.

पहिला रविवार, ‘द मेन’ (१९५०). दिग्दर्शक फ्रेड झिनेमन, मार्लन ब्रँडोचा हा पहिला चित्रपट. जेमतेम ८५ मिनिटांचा, म्हणून सुरुवातीला. केन नावाच्या लेफ्टनंटच्या मणक्यात गोळी बसते आणि कमरेखालचं शरीर लुळं पडतं. लॉस एंजेलिसजवळच्या बर्मिंगहॅम या माजी सैनिकांच्या इस्पितळातले खरे रुग्ण यात आहेत, आणि ब्रँडो भूमिकेसाठी त्यांच्या वॉर्डात राहिला होता. दोन गोष्टींकडे लक्ष ठेवायला आधी सांगा. एक, सुरुवातीला डॉक्टर रुग्णांच्या बायकांना आणि आयांना जमवून मूत्राशयापासून मूलबाळापर्यंत काय होईल आणि काय नाही ते स्पष्ट सांगतो. १९५० सालच्या मानाने हे फारच उघड बोलणं आहे. दुसरी, लग्नात उभं राहण्याचा केनचा हट्ट आणि त्यानंतरची नव्या घरातली पहिली संध्याकाळ. तिथे खलनायक कोणी नाही. नवी सतरंजी, चाकांच्या खुणा, आपोआप थरथरणारा पाय आणि ते बघताना बायकोच्या चेहऱ्यावर क्षणभर आलेला भाव. एवढ्यावर लग्न मोडायला येतं.

दुसरा रविवार, ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ (१९४६). विल्यम वायलरचा, सुमारे १७० मिनिटांचा. तिघे एकाच लष्करी विमानातून आपल्या गावी उतरतात: बँकेतला अल, औषधांच्या दुकानात सोडा विकणारा फ्रेड आणि दोन्ही हात गेलेला खलाशी होमर. होमर झालेला हॅरॉल्ड रसेल नट नव्हता. १९४४ साली अमेरिकेतच, सैन्याच्या प्रशिक्षणात स्फोटकं हाताळताना त्याचे हात गेले. पडद्यावरचे हूक त्याचे स्वतःचे. या एकाच भूमिकेसाठी त्याला दोन ऑस्कर मिळाले, एक सहायक अभिनेत्याचं आणि एक खास. असं दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेलं नाही. वायलरही युद्धात विमानातून चित्रीकरण करताना एका कानाने बहिरा झाला होता.

या चित्रपटावर जास्त वेळ द्या, कारण ‘कसं बघायचं’ ते इथेच शिकवता येतं. छायाचित्रकार ग्रेग टोलंड जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट ठेवतो. बुचच्या बारमधलं दृश्य बघा. पुढे होमर हुकांनी पियानोवर वाजवतो आहे, अल कौतुकाने बघतो आहे, आणि दूर कोपऱ्यात फ्रेड टेलिफोनच्या खोक्यात उभा राहून प्रेमसंबंध तोडतो आहे. फोनवरचं बोलणं ऐकू येत नाही. कुठे बघायचं ते प्रेक्षकाने ठरवायचं. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँने या दृश्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे. हे दृश्य चर्चेत पुन्हा लावा आणि विचारा, पहिल्यांदा पाहताना तुमची नजर कुठे होती. बहुतेक जण पियानो म्हणतात, मग आपणच हसतात.

होमर घरी पोचतो ते दृश्यही असंच. विल्मा धावत येऊन मिठी मारते आणि त्याचे हात दोन्ही बाजूंना तसेच लोंबत राहतात. नंतर एका रात्री तो तिला हुकांचा पट्टा काढून दाखवतो. हा पट्टा निघाला की दार लागलं तर मी उघडू शकत नाही, असं सांगतो. ती न बोलता त्याच्या पायजम्याच्या सदऱ्याची बटणं लावते. तिच्या बोटांकडे बघा.

मध्यंतर लागणारच. ८० ते ९० मिनिटांच्या दरम्यान एक प्रसंग विरून पडदा काळा होतो तिथे थांबा. नेमकं मिनिट आधी बघून कागदावर लिहून ठेवा, अंधारात शोधत बसू नका.

तिसरा रविवार, ‘लेट देअर बी लाइट’. जॉन ह्यूस्टनने अमेरिकी सैन्यासाठी केलेला ५८ मिनिटांचा माहितीपट. लाँग आयलंडच्या मेसन जनरल इस्पितळात मनाने कोलमडलेले सैनिक येतात. कुणी बोलताना अडखळतो, कुणाला चालता येत नाही, कुणाला काही आठवत नाही. सैन्याने स्वतःच बनवून घेतलेला हा चित्रपट १९४६ साली दडपला आणि १९८० च्या डिसेंबरपर्यंत लोकांना दाखवू दिला नाही. एक इशारा आधीच द्या: इंजेक्शन आणि संमोहनाने माणूस पाच मिनिटांत बरा होताना दिसतो, त्यावर विश्वास ठेवून कुणी घरच्या माणसाबद्दल आशा बांधू नये. पडद्यावर दिसते ती उपचाराची सुरुवात. पुढच्या वर्षांबद्दल चित्रपट गप्प आहे. गोरे आणि काळे सैनिक एकाच वॉर्डात दिसतात, त्या काळच्या अमेरिकी सैन्यात हे नेहमीचं नव्हतं, तेही लक्षात आणून द्या. छोटा चित्रपट असल्यामुळे उरलेला तास बोलण्यासाठी राखा.

चौथा रविवार, ‘हम दोनो’ (१९६१). इथपर्यंत लोक इंग्रजी ऐकून थकलेले असतात. देव आनंद दुहेरी भूमिकेत आणि जयदेवची गाणी, त्यामुळे ज्येष्ठ मंडळी हमखास येतात. सिगारेट-लायटरच्या धुनेवर सगळे गुणगुणतील, गुणगुणू द्या. पण मालिकेत हा मेजर वर्मासाठी आहे. मेलेला समजलेला मेजर एक पाय गमावून परततो आणि आपल्यासारखाच दिसणारा दुसरा माणूस घरात वावरत असल्याचं त्याला कळतं. पाय गेल्याचं दुःख तो संशयात कसं बदलतो, हा मुद्दा चर्चेला घ्या. १९५० च्या अमेरिकी केनला दया नको असते, १९६१ च्या आपल्या मेजरला बायकोच्या निष्ठेचा पुरावा हवा असतो. एका जागी दोन्ही बघितल्याशिवाय हा फरक ध्यानात येत नाही.

पाचवा, ‘कमिंग होम’ (१९७८), दिग्दर्शक हॅल अ‍ॅशबी. व्हिएतनामहून लुळा होऊन आलेला ल्यूक आणि इस्पितळात स्वयंसेवक म्हणून येणारी सॅली, जिचा नवरा अजून लढाईवर आहे. जॉन व्हॉइट आणि जेन फोंडा दोघांनाही ऑस्कर. सुरुवातीला पूल टेबलाभोवती बोलणारे माजी सैनिक खरे आहेत. दोघांची पहिली भेट धडक लागून लघवीची पिशवी सांडण्याने होते. इतकं लाजिरवाणं आणि इतकं रोजचं. प्रौढांसाठीच ठेवा, शरीरसंबंधाचं दृश्य उघड आहे, आणि ते काढून दाखवलं तर चित्रपटाचा मुद्दाच निघून जातो. आजी-नातवंडं एकत्र येणारी सोसायटी असेल तर याऐवजी ‘बॉर्न ऑन द फोर्थ ऑफ जुलै’ (१९८९) घ्यावा असं वाटेल. पण तोही मुलांसाठी नाही, आणि १४५ मिनिटांचा आहे. सोसायटीच्या हॉलपेक्षा कुणाच्या घरी मोठ्यांनीच बघितलेलं बरं.

सहावा, ‘कॉजवे’ (२०२२). सुमारे दीड तासाचा. अफगाणिस्तानात मेंदूला मार लागलेली सैनिक लिन्सी न्यू ऑर्लिन्सला परतते. सुरुवातीला एक वयस्कर सेविका तिला दात घासायला, गाडी चालवायला पुन्हा शिकवते. इथे बाई सैनिक आहे आणि जखम बाहेरून दिसत नाही. ‘तुला काय झालंय, धडधाकट तर दिसतेस’ हे न बोललेलं वाक्य अख्ख्या चित्रपटावर आहे. यानंतर मागचे पाचही चित्रपट वेगळे दिसायला लागतात, म्हणून तो शेवटी.

पायरी ३: प्रत आणि परवानगी

ओटीटीचं वर्गणीचं खातं वैयक्तिक वापरासाठी असतं. घरच्या दिवाणखान्यात मित्र बोलावले तर प्रश्न येत नाही, सभागृहात फलक लावून दाखवलं तर येतो. तिकीट नसलं म्हणजे चालतं, हा सर्वांत मोठा गैरसमज. सार्वजनिक प्रदर्शनाला हक्कधारकाची परवानगी आणि सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. शाळा-कॉलेजाला कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, पण प्रेक्षक म्हणजे तिथले विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी जोडलेले लोकच हवेत. बाहेरच्यांना बोलावलं की सवलत संपली. म्हणून कुठल्या तरी कॉलेजच्या फिल्म सोसायटीशी जोडून घेणं सर्वांत सोपं.

आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. पण गाण्यांचे शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ‘हम दोनो’च्या बाबतीत साहिर १९८० साली आणि जयदेव १९८७ साली गेले, त्यामुळे जुना चित्रपट म्हणून मोकळा असं धरून चालू नका, आधी विचारा. ‘लेट देअर बी लाइट’ अमेरिकी सरकारचा आहे आणि तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने तो इंटरनेटवर खुला ठेवला आहे. सहांपैकी हाच सर्वांत बिनघोर.

पायरी ४: मराठी सबटायटल

हे काम कंटाळवाणं आहे आणि सर्वांत जास्त फरक याच कामाने पडतो. इंग्रजी सबटायटल वाचता येणारे प्रेक्षकसुद्धा पियानो बघायचा की ओळ वाचायची यात अडकतात. मराठी ओळ अर्ध्या वेळात वाचून होते. दीड तासाच्या चित्रपटाला साधारण हजार-बाराशे ओळी. तिघांनी वाटून घेतलं तर दोन आठवडे.

इंग्रजी एसआरटी फाइल (सबटायटलचा मजकूर आणि वेळा असलेली) सबटायटल एडिट या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा, वेळा तशाच ठेवा, फक्त मजकूर बदला. साठवताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हं येतील. वेळेचे आकडे इंग्रजीच हवेत, कुणी हौसेने देवनागरी केले तर प्लेअर त्या ओळी दाखवतच नाही. एका वेळी दोन ओळी, ओळीत सहा-सात शब्दांपेक्षा जास्त नको. फाइल पेनड्राइव्हने थेट टीव्हीला लावू नका: पुष्कळ टीव्ही जोडाक्षरं तोडतात आणि वेलांट्या भलतीकडे टाकतात. लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमध्ये लावा आणि एचडीएमआय केबलने जोडा.

ओळी मागेपुढे होत असतील तर आधी कारण ओळखा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच दोन सेकंदांचा फरक असेल तर व्हीएलसीत जी आणि एच ही बटणं दाबा, प्रत्येक दाबाला ५० मिलिसेकंद सरकतं. सुरुवात बरोबर आणि पुढे फरक वाढत जातो, तर फाइल दुसऱ्या वेगाच्या प्रतीसाठी बनलेली आहे, बहुतेक सेकंदाला २५ फ्रेम की २३.९७६ हा घोळ. मिनिटाला अडीच सेकंद म्हणजे तासाला अडीच मिनिटं. इथे जी-एच दाबून काही होत नाही, सबटायटल एडिटमध्ये फ्रेम रेट बदलून फाइल नव्याने साठवावी लागते. म्हणून शेवटची दहा मिनिटं आधी लावून बघा. पहिली दहा मिनिटं सगळेच तपासतात.

भाषांतरात दोन सापळे. पहिला, शिव्या आणि हेटाळणी गुळगुळीत करणं. पडद्यावरचा माणूस ‘लंगड्या’ म्हणून हिणवत असेल तर तिथे ‘दिव्यांग’ लिहू नका. अपमान अपमानच राहिला पाहिजे. चर्चेत, बोलावणी धाडताना तुम्ही काय म्हणता ते वेगळं. तसंच होमरच्या हातांना ‘कृत्रिम अवयव’ म्हणू नका, तो स्वतः हूक म्हणतो. वैद्यकीय शब्दांना फौजी घरांत रुळलेले शब्द आहेत: ‘बोर्ड आउट झाला’ (वैद्यकीय कारणाने सेवेतून कमी केला), ‘पेन्शनवर आला’, ‘लो मेडिकल’ (तब्येतीची खालची श्रेणी). ते वापरा.

दुसरा सापळा सभ्यतेच्या शब्दांचा. ‘द मेन’च्या शेवटी केन सासरच्या दाराशी येतो, पुढे पायऱ्या आहेत. वर यायला मदत करू का, असं बायको विचारते, आणि तो एकच शब्द बोलतो: ‘प्लीज’. मराठीत ‘कृपया’ लिहिलंत तर लोक हसतील, रेल्वे स्टेशनवरच्या सूचनेसारखं वाटतं. नवरा बायकोला कृपया म्हणत नाही. ‘हो, कर’ यात हुकूम येतो. ‘दे ना हात’ जवळ जातं: त्यात मागणं आहे आणि जवळीकही. अख्खा चित्रपट मदत नाकारणारा माणूस इथे पहिल्यांदा मागतो आहे, म्हणून एका शब्दासाठी संध्याकाळ गेली तरी चालेल.

पायरी ५: जागा आणि दिवस

नागपुरात दिवस ठरवणं हीच अर्धी तयारी. एप्रिल ते जून विसरा. ४४-४५ अंशांत कूलरशिवाय बसवत नाही आणि कूलरच्या घरघरीत १९४६ सालचा एकाच वाहिनीचा आवाज ऐकू येत नाही. ऑक्टोबरमध्ये दसऱ्याला दीक्षाभूमीकडचे रस्ते भरलेले, मग दिवाळीचे फटाके. फटाके इथे निव्वळ गैरसोय नाहीत. प्रेक्षकांत लढाई पाहिलेला कुणी असेल तर अंधाऱ्या खोलीत बाहेरून अचानक सुतळी बॉम्ब वाजणं त्याच्यासाठी वाईट. नोव्हेंबर-डिसेंबरात लग्नाच्या वराती हेच करतात, शिवाय सोसायट्यांचे हॉल मिळत नाहीत. मधल्या वारी ठेवलंत तर हिवाळी अधिवेशनाच्या मोर्च्यांनी सीताबर्डीचा रस्ता अडतो. संक्रांतीनंतरचे सहा रविवार उत्तम. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, सव्वासहाला सुरू करता येतं, पंखेही बंद.

वीस-पंचवीस जणांना १०० इंची पडदा पुरतो: साधारण सव्वादोन मीटर रुंद. ३००० ल्यूमेनचा प्रोजेक्टर, पडद्यापासून अकरा फुटांवर. आपल्या मशिनीचं अंतर माहितीपत्रकात बघून घ्या. दहा मीटरची एचडीएमआय केबल घ्या आणि ती वाटेत टेपने चिकटवा. १९५३ च्या आधीचे चित्रपट जवळपास चौकोनी असतात, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच. कुणीतरी उठून ‘पूर्ण पडदा भरा’ म्हणतो. भरला की ब्रँडो आडवा आणि जाडा दिसतो. ऐकू नका.

आवाज प्रोजेक्टरच्या पोटातल्या भोंग्यावर सोडू नका, पडद्याच्या दोन्ही बाजूंना कानाच्या उंचीवर स्पीकर ठेवा. पातळी ठरवताना त्या चित्रपटातला सर्वांत मोठा आवाज लावून ठरवा. दुसऱ्या रविवारी तो म्हणजे भंगारातल्या बॉम्बरमध्ये फ्रेड जाऊन बसतो तो प्रसंग. संगीत इंजिनांसारखं चढत जातं. कुजबुजीवर पातळी लावली तर तिथे खुर्च्या थरथरतात.

आता पायऱ्या. व्हीलचेअरवरून पायऱ्यांशी झगडणाऱ्या माणसाचा चित्रपट तीन पायऱ्या चढून जावं लागेल अशा हॉलमध्ये दाखवणं विनोदी आहे, आणि हे वारंवार घडतं. उताराचं प्रमाण एकास बारा: सहा इंचांच्या दोन पायऱ्या म्हणजे एक फूट उंची, त्याला बारा फूट लांब रॅम्प लागतो. चार फुटी फळी टाकून काम होत नाही, खुर्ची मागे उलटते. दार किमान ९० सेंटीमीटर हवं. खुर्चीसाठी ९० बाय १२० सेंटीमीटर जागा ओळीतच सोडा, शेजारी सोबतच्या माणसाची खुर्ची. सगळ्यांच्या मागे किंवा वाटेत नको. संडास कमोडचा आणि दार बाहेर उघडणारं आहे का ते स्वतः जाऊन बघा. मणक्याची इजा असलेल्या माणसाला पिशवी किंवा कॅथेटर सांभाळायला वेळ लागतो, म्हणून मध्यंतर वीस मिनिटांचं. (तर्री-पोह्यांनाही तेवढीच लागतात, वेगळी सवलत दिल्यासारखं दिसत नाही.) एखाद-दोन पायऱ्या टाळता येतच नसतील तर आधी बसणाऱ्याला विचारा, मग खुर्ची पाठमोरी वर ओढा: एक जण मागच्या मुठींना, दुसरा पुढच्या पक्क्या सांगाड्याला. हाताच्या आणि पायाच्या टेकूला धरू नका, ते निघून हातात येतात.

मेट्रोने येणाऱ्यांना सीताबर्डी इंटरचेंज सोयीचं, तिथे लिफ्ट आहे. कामठीकडून येणाऱ्यांना ऑटोमोटिव्ह चौक. स्टेशनपासून हॉलपर्यंतचा फूटपाथ मात्र एकदा चालून बघा.

पायरी ६: बोलावणं

माजी सैनिकांना बोलवायचं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून किंवा माजी सैनिकांच्या संघटनेतून निरोप द्या, आणि चित्रपटात काय आहे ते दोन ओळींत स्पष्ट लिहा: स्फोट आहेत का, आत्महत्या आहे का, इस्पितळ किती आहे. ‘कमिंग होम’च्या शेवटी एक पात्र समुद्रात चालत जातं, हे आधी सांगणं म्हणजे शेवट फोडणं नाही. बाहेर पडायला सोपी अशी वाटेकडची जागा ठेवा, दाराशी मंद दिवा राहू द्या, दाराला आतून कडी लावू नका.

शाल-श्रीफळ नको. कुणालाही उभं करून टाळ्या वाजवू नका. तो प्रेक्षक म्हणून आला आहे, आणि चित्रपट संपल्याबरोबर सगळ्यांनी त्याच्याकडे वळून ‘तुम्हाला कसं वाटलं?’ विचारलं की पुढच्या रविवारी तो येत नाही. ‘गोळी कुठे लागली’ हा तर प्रश्नच नव्हे. त्याला बोलायचं असेल तर चहाच्या वेळी बोलेल, बहुधा तुम्ही ठरवलेल्या विषयावर नाहीच.

पायरी ७: चर्चा

पंचेचाळीस मिनिटं पुरेत. चर्चा दोन ठिकाणी घसरते. एक, देशभक्तीच्या भाषणात: चौथ्या मिनिटाला कुणीतरी सीमेवर पोचतं. दोन, ‘बिचारा’ मध्ये. दोन्ही वेळा वाद घालू नका, एक दृश्य पुन्हा लावा आणि बारीक प्रश्न विचारा. दार कुणी उघडलं? न विचारता मदत कुणी केली, आणि विचारून कुणी? आई कधी रडली, त्याच्या समोर की तो वळल्यावर? आरसा कुठे आहे? असे प्रश्न आल्यावर भाषण आपोआप थांबतं, कारण उत्तर पडद्यावर शोधावं लागतं.

एका जणाने आपल्याकडची माहिती वाचून यावी, म्हणजे अमेरिकेच्या गोष्टी हवेत राहत नाहीत. पुण्यातलं लष्कराचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासूनचं आहे, म्हणजे रसेलचे हात गेले त्याच वर्षीचं. खडकीचं क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासून अपंग सैनिकांना काम शिकवतं, आणि तिथलंच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ चं. केनचा वॉर्ड बघितल्यावर लोक हमखास विचारतात, आपल्याकडे असं कुठे आहे? उत्तर तयार असावं. पेन्शनचे नियम मात्र तोंडावर सांगू नका, ते बदलत असतात. सैनिक कल्याण कार्यालयातून ताजा कागद आणून भिंतीवर लावा.

सहाव्या रविवारी ‘कॉजवे’ संपला की चर्चा लगेच सुरू करू नका. दिवे अर्धेच लावा आणि चहा आधी द्या. न दिसणाऱ्या जखमेबद्दल लोक कप हातात असताना, शेजारच्या एकाशीच, जास्त बोलतात. तासाभराने खुर्च्या आवरायला लागा. रॅम्प सर्वांत शेवटी काढा.